लवकर निवृत्ती आणि परदेशी बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळ जणींच्या ओठांवर हसू आले, ते मी पाहिले. शेवगावच्या बायकांनी परदेशात निवृत्त होऊन राहण्याचा विचार करावा, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार, असेही कोणी मनात म्हणाले असेल. पण गेली सत्तावीस वर्षे मी तुमच्यातल्या अनेकींच्या घरी पोस्टाच्या आर.डी.चे हप्ते गोळा करायला येते. कोणाची मुलगी पुण्यात, कोणाचा जावई बंगळूरला, कोणाचा नातू आणखी लांब, हे मला पासबुकांइतकेच ठाऊक आहे. या मुलांच्या तोंडी हल्ली एक नवे बोलणे येते. पंचेचाळिशीत नोकरी सोडायची, साठवलेल्या पैशावर जगायचे, आणि तेही जिथे खर्च थोडा, हवा उबदार आणि कर हलका अशा एखाद्या दूरच्या शहरी. हे बोलणे आपल्या माजघरापर्यंत येऊन ठेपले आहे. तेव्हा हसण्यावारी न नेता त्याचा हिशेब मांडून पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

गाव सोडणे आपल्या तालुक्याला नवे नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बैलगाडीने, ट्रॅक्टरने ऊसतोडीला निघालेली कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो. जायकवाडीचे धरण झाले, तेव्हा गोदाकाठच्या कितीतरी घरांनी चुली उचलल्या. कोणी भाकरीसाठी गेले, कोणी पाण्यामुळे गेले. विश्रांतीसाठी गाव सोडणारा मात्र पूर्वी फार झाले तर पुण्याला जायचा. पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणत, ते उगाच नव्हे. हवा बरी, डॉक्टर जवळ, संध्याकाळी बोलायला समवयस्क माणसे. त्याआधीच्या काळी लोक काशीला जाऊन राहत. म्हणजे उतारवयात जागा बदलण्याची ओढ जुनीच आहे. आता दोन गोष्टी मात्र बदलल्या. जाणाऱ्याचे वय उतरले, आणि पुणे समुद्रापलीकडे गेले.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगते. माझी भाची आणि तिचा नवरा पुण्यात संगणकाच्या कंपन्यांत आहेत. त्याचे वय शेहेचाळीस, तिचे चव्वेचाळीस. मूल एकच, ते शिकून मार्गी लागत आले आहे. रोजच्या कामाने दोघेही थकली आहेत, आणि तो थकवा खोटा नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. गेल्या वर्षी दोघे इथे आली आणि मॉरिशसला कायमचे जाण्याचा बेत त्यांनी सांगितला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि इथे शेवगावात एकटी राहते. ती काहीच बोलली नाही. उठून चहा ठेवायला गेली. भाची मला म्हणाली, "मावशी, तू एवढ्या घरांचे हिशेब पाहतेस, आमचाही पाहा. पण आईची माया मध्ये आणू नकोस. नुसते आकडे सांग." मी म्हटले, "बरे, नुसते आकडे तर आकडे." त्यानंतर तीन महिने मी या एकाच विषयात डोके घातले. त्याचे सार आज तुमच्यापुढे ठेवते.

मॉरिशस त्यांना का आवडले, हे आधी न्यायाने सांगितले पाहिजे. ते बेट हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. पोर्ट लुई ही तिथली राजधानी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मराठी लोक आहेत. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि २०२३ साली मोका या गावी शिवछत्रपतींचा पुतळाही बसवण्यात आला. पण हे मराठी लोक तिथे गेले कसे? १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेले. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बंदरात उतरली. मुंबई इलाख्यातून गेले त्यांत आपले कोकणातले पुष्कळ होते. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून ते गेले आणि बहुतेक तिथलेच झाले. पोर्ट लुईला ज्या जागी ते उतरत ती जागा आप्रवासी घाट म्हणून जपली आहे, आणि २००६ साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली. म्हणजे विसाव्यासाठी आज जिथे जायचे म्हणतात, तिथे आपली माणसे पहिल्याने गेली ती ऊस तोडायला. आपल्या तालुक्यातल्या बाईला याचा अर्थ निराळा सांगायला नको.

तिथली हवा बरी आहे. पोर्ट लुईला उकाडा असतो, पण मध्यावरच्या उंच भागात, क्यूरपीप वगैरे गावांना, गारवा असतो. तिथल्या वाटाण्याच्या डाळीची पुरी लोक रस्त्यावर उभे राहून खातात, ती आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणावी. कर हलका आहे. वारसाहक्कावर कर नाही. बाहेरच्या देशातले उत्पन्न तिथे आणले तरच त्यावर कर लागतो, आणि सगळ्यांत वरचा दर २० टक्के आहे. हे सारे खरे आहे. कोणी सांगितले तर खोटे म्हणू नका.

पण भगिनींनो, भाजी स्वस्त मिळाली म्हणून ती आपल्या घरी शिजेलच असे नाही. पहिला अडसर आला तो वयाचा. मॉरिशस सरकार निवृत्त परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देते, तो वयाच्या ५० नंतर. त्यासाठी दरमहा ठराविक रक्कम बाहेरून आणावी लागते. थायलंडचाही निवृत्तांचा परवाना ५० नंतरच मिळतो, आणि बँकेत ८ लाख बाट ठेवलेले दाखवावे लागतात. अमेरिका खंडातल्या पनामा शहराचे नाव या मंडळींत फार घेतात. तिथे वयाची अट नाही, डॉलर चालतो, आणि बाहेरच्या उत्पन्नावर कर नाही. परंतु तिथल्या पेन्शनरांच्या परवान्याला तहहयात पेन्शन हवे, महिन्याला किमान १,००० डॉलरचे. प्रॉव्हिडंट फंडाची गठडी म्हणजे पेन्शन नव्हे. तात्पर्य, लवकर निवृत्त होणाऱ्याला निवृत्तांचा परवानाच मिळत नाही! आमचे जावईबापू शेहेचाळीस वर्षांचे. चार वर्षे कुठल्या नात्याने राहणार, याचा विचार बेतात कुठेच नव्हता.

दुसरा अडसर नियमांच्या चंचलपणाचा. मलेशियात पेनांग नावाचे सुंदर बेट आहे. परक्यांनी येऊन राहावे म्हणून त्या सरकारने २००२ साली एक योजना काढली. ती इतकी लोकप्रिय झाली की हजारो लोक गेले. २०२१ साली सरकारने अटी एकदम कडक केल्या. महिन्याचे उत्पन्न ४० हजार रिंगिट आणि ठेव १० लाख रिंगिट मागितली. २०२४ साली पुन्हा सगळे बदलले. आता ठेव डॉलरमध्ये, मुख्य गटांत किमान दीड लाख, आणि शिवाय तिथे घर विकत घ्यायचे. थायलंडने २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर लावण्याचा नियम बदलला, आणि करमुक्त म्हणून गेलेले लोक वकिलांच्या दारात उभे राहिले. त्या सरकारांना दोष देता येत नाही. घर त्यांचे, नियम त्यांचे. आपण तिथे मतदार नाही, नागरिक नाही. परवाना म्हणजे भाड्याची खोली. मालक कितीही भला असला तरी करार त्याच्या सोयीने बदलणार, हे मनात धरूनच सामान लावावे.

आता पैशाचा हिशेब. त्यांचा महिन्याचा खर्च ६० हजार धरला. वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. या लवकर निवृत्तीवाल्यांचा एक ठोकताळा आहे : वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पैसा जमला की नोकरी सोडायला हरकत नाही. त्या हिशेबाने १ कोटी ८० लाख झाले, आणि तेवढे त्यांच्याजवळ आहेत. पण हा ठोकताळा आला कुठून, तेही पाहिले. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकेतल्या एका सल्लागाराने १९९४ साली तो मांडला. त्याने अमेरिकेतले भाव, अमेरिकेतले रोखे घेतले, आणि प्रश्न असा विचारला की पैसा ३० वर्षे पुरेल का? साठी-पासष्टीच्या माणसाला ३० वर्षे ठीक आहेत. शेहेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर ३० वर्षांनी शहात्तर होतात. सत्त्याहत्तराव्या वर्षाचे काय? आपल्या आक्का चौऱ्याहत्तरच्या आहेत आणि अजून स्वतः दळण आणतात.

महागाईचे गणित तर आपल्या रोजच्या तेला-डाळीचे आहे. वर्षाला ६ टक्क्यांनी भाव वाढले तर बारा वर्षांत दुप्पट होतात. आज ६० हजारांत भागते, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी १ लाख २० हजारांत, सत्तराव्या वर्षी २ लाख ४० हजारांत, आणि ब्याऐंशीव्या वर्षी ४ लाख ८० हजारांत भागेल. पैसा रुपयांत आणि बाजारहाट परक्या नाण्यात असला की आणखी एक छिद्र पडते. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा एका डॉलरला साडेसात रुपये पडू लागले. २०२५ च्या अखेरीस तोच डॉलर नव्वदीच्या घरात गेला. परदेशातले स्वस्त शहर रुपयाच्या माणसाला दरवर्षी थोडे थोडे महाग होत जाण्याचा संभव फार.

आणि आता करासंबंधी. या मुद्द्यावर मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले, म्हणून जरा थांबून सांगते. भाचीचे म्हणणे असे की, कर वाचवण्यासाठी तर जायचे. मी विचारले, नोकरी सोडल्यावर तुमचे वर्षाचे उत्पन्न किती? व्याज आणि पुण्याच्या फ्लॅटचे भाडे मिळून नऊ-दहा लाख. बरे, २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून प्राप्तिकर शून्य होतो. शेअरविक्रीच्या नफ्यासारखी काही उत्पन्ने तेवढी वेगळी. ही सूट कोणाला? भारतात राहणाऱ्याला. जो अनिवासी झाला त्याला ती मिळत नाही. त्याच्या इथल्या घरभाड्यावर इथेच कर, आणि भाडेकऱ्याने तो आधी कापून भरायचा. म्हणजे कर वाचवायला समुद्र ओलांडायचा, आणि घरी बसून जो कर लागलाच नसता तो भरायचा! हलक्या कराचे गाव शोधायचे तर ते पैठण रस्त्यावरच आहे, असे मी तिला म्हटले तेव्हा ती प्रथमच हसली.

पोस्टाच्या योजनांचे तर मला रोजचे आहे. अनिवासी माणसाला पी.पी.एफ.चे नवे खाते उघडता येत नाही. जुने असेल तर मुदत संपेपर्यंत चालते, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि मासिक उत्पन्न योजना त्याला बंद. कोणी म्हणेल, मग आम्ही कुठलेच रहिवासी राहणार नाही. कायद्याने त्याचाही विचार केला आहे. भारतातले उत्पन्न १५ लाखांहून अधिक असलेला भारतीय नागरिक दुसऱ्या कोठल्याही देशात कर देण्यास पात्र नसेल, तर २०२० पासून तो भारताचाच रहिवासी मानला जातो. सत्तरीनंतर देशात राहणाऱ्याला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळू लागले आहे. तिकडच्या सरकारी रुग्णालयांत नागरिकांना उपचार मोफत असतात. परक्याला ते गृहीत धरता येत नाहीत, आणि इथली आरोग्य विम्याची पॉलिसी बहुधा इथल्याच उपचारांपुरती असते.

इतके आकडे झाल्यावर मी भाचीला म्हटले, "आता आकड्यांतलाच एक आकडा ऐक, तो मायेचा नाही." आपल्या सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटे. नवरा निवृत्त झाला म्हणजे ऑफिस सुटले. बायको निवृत्त झाली म्हणजे काय सुटले? इथे भांडीवाली बाई येते, पोळ्यांना बाई येते. परक्या गावी पहिल्या दिवसापासून चूल तिच्या एकटीची, आणि नवरा आता दिवसभर घरात. निवृत्ती दोघांची आहे की एकाची, हे निघण्यापूर्वी ठरवावे. भाची बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, हे आम्ही बोललोच नाही."

आणखी एक गोष्ट माझ्या कामामुळे मला फार जाणवते. पासबुकावर नाव कोणाचे, नॉमिनी कोण, मृत्युपत्र आहे का, हे विचारले की पुष्कळ घरांत बायका म्हणतात, "त्यांना ठाऊक." शेवगावात हे कसेबसे निभते. पोस्टमास्तर ओळखीचे, दीर जवळ, मी आहे. परक्या देशात पत्नीचा परवाना बहुधा पतीच्या परवान्यावर अवलंबून असतो. उद्या त्याचे बरेवाईट झाले, तर ती तिथे राहू शकेल का, बँकेतली ठेव तिला काढता येईल का, याचे उत्तर कागदावर लिहून मागितल्याशिवाय तिने आपली पेटी भरू नये. हे बोलणे अभद्र नाही. कुंकवाला जपणे ते हेच.

आणि आक्काचे काय? आकडे संपल्यावर तोही प्रश्न उरतोच. आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलामुलींवर घातलेली आहे. पण कायद्याने महिन्याचे पैसे येतात, रात्री पाय घसरला तर हात धरायला कायदा येत नाही. पुण्याहून शेवगावला पाच-सहा तासांत पोचता येते. पोर्ट लुईहून विमान मिळाले तरी एक दिवस जातो. दुसरी बाजूही सांगते. मुलांनी आपल्यापायी जन्मभर जुंपून घ्यावे असे आक्काला मुळीच वाटत नाही. ती मला म्हणाली, "थकलीत ती, विसावू देत. पण नाहीशी होऊ नयेत." या वाक्यात मला साऱ्या प्रश्नाचे मर्म दिसते. विसावा घेणे आणि नाहीसे होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

शेवटी त्यांनी काय केले, असे तुम्ही विचाराल. गेल्या जानेवारीत दोघे रजा काढून पर्यटक म्हणून दीड महिना तिथे राहून आली. हॉटेलात नव्हे, भाड्याच्या खोलीत, स्वतः बाजार करून. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण तो तिथल्या वादळांचा काळ. वादळाच्या इशाऱ्याचे तिथे चार वर्ग आहेत, तिसरा लागला की कचेऱ्या, गाड्या सारे थांबते. भाचीने तिथून कळवले की समुद्र डोळ्यांत मावत नाही, शेजारची मराठी आजी गणपतीची आरती म्हणते पण गप्पा क्रेओल भाषेत मारते, आणि दुपारी चारनंतर काय करावे ते दोघांना सुचत नाही. घर विकण्याचा बेत त्यांनी सोडला आहे. जावयांनी तूर्त अर्धवेळ काम मागून घेतले आहे. वर्षातून दोन महिने बाहेर, आठवड्यातून एकदा आक्काला फोनऐवजी प्रत्यक्ष भेट, असा त्यांचा नवा बेत आहे. पन्नाशी आली की पुन्हा विचार करणार आहेत. करोत बापडी. तेव्हा कदाचित जातीलही, आणि विचार करून गेली तर मी स्वतः त्यांना शिदोरी बांधून देईन.

भगिनींनो, तुमच्या घरी हा विषय निघाला, तर मुलांना धुडकावून लावू नका आणि भुलूनही जाऊ नका. वहीत सहा प्रश्न उतरवून घ्या. परवान्याला आपले वय बसते का? परवाना आणि कर यांचे नियम बदलले तर परतायला इथे छप्पर आहे का? बारा-बारा वर्षांनी दुप्पट होणारा खर्च ऐंशीव्या वर्षापर्यंत मांडला का? अनिवासी झाल्यावर इथल्या कोणत्या सवलती जातील? दोघांपैकी एक मागे राहिले तर त्याचे हक्क कागदावर आहेत का? आणि निवृत्ती दोघांची आहे की एकाची? सहाही उत्तरे समाधानाची आली, तर खुशाल जावे. न आली, तर ज्याला थकवा आला आहे त्याच्या थकव्याचा उपाय जवळपासच कुठेतरी शोधावा. तोही आपल्याच घरचा माणूस आहे.

जाता जाता एकच सांगते. हे सहा प्रश्न परदेशी जाणाऱ्यांपुरते नाहीत. त्यातले शेवटचे दोन तर उद्या सकाळी आपल्याच घरी विचारण्यासारखे आहेत. मी सोमवारी हप्ते घ्यायला येईन, तेव्हा ज्यांच्या पासबुकावर नॉमिनीचा रकाना कोरा आहे त्यांनी पासबुक पुढे काढून ठेवावे. तो भरून देण्याचे काम मी आनंदाने करीन.